पायाच्या ऑपरेशननंतर मुंबईत वावरताना

ऑपरेशनची तारीख ठरली की पहिलं काम टेप घेऊन घरातली दारं मोजायचं. व्हीलचेअर बाहेरून बाहेर साधारण २४ ते २६ इंच भरते आणि मुंबईतल्या पुष्कळ घरांत बाथरूमचं दार जेमतेम २४ इंच असतं. खुर्ची दारात अडकते हे दवाखान्यातून आल्यावर रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेलं बरं. घोटा, टाच, चवडा किंवा अंगठ्याचं ऑपरेशन पहिल्यांदाच होणार असेल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आणि तुम्हाला सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी आहे. तुमच्या सर्जननी एखाद्या गोष्टीबाबत वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

डॉक्टरांना विचारायचा मुख्य प्रश्न

"या पायावर वजन किती टाकायचं, आणि कधीपासून?" याचं उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. "जरा जपून चाला" हे उत्तर धरू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. उत्तरं साधारण चार प्रकारची असतात.

अजिबात वजन नाही, म्हणजे पाय जमिनीला टेकवायचाही नाही. नुसता टेकवायचा, म्हणजे तळव्याखाली पापड ठेवलाय आणि तो मोडू द्यायचा नाही, इतकाच. टाचेवर चालायचं, हे अंगठ्याच्या किंवा चवड्याच्या ऑपरेशननंतर सांगतात; त्यासाठी पुढचा भाग अधांतरी ठेवणारा खास बूट मिळतो. आणि थोडं वजन, म्हणजे दहा, वीस असे किलोच सांगितलेले असतात. हे किलो अंदाजाने कळत नाहीत. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, शेजारी त्याच उंचीची पुस्तकं रचून त्यावर बरा पाय ठेवा, वॉकर धरा आणि दुखरा पाय काट्यावर हळूहळू दाबत न्या. काटा दहावर आला की तो दाब कसा लागतो हे दोन-चारदा अनुभवा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा दहा किलो फार लवकर येतात.

एवढा आग्रह का? स्क्रू, प्लेट किंवा तारा हाडाला जागेवर धरून ठेवतात. जोडायचं काम हाडच करतं, आणि त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. सांधा कायमचा जोडून टाकला असेल तर दहा-बारा आठवडेही लागतात. तोवर रोज शंभर पावलं टाकलीत तर धातू सैल होतो किंवा मोडतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना तर मोडलेलंही कळत नाही. त्यांनी स्वतःच्या दुखण्यावर अजिबात भरवसा ठेवू नये. तंबाखू, मशेरी आणि सिगारेट बंदच ठेवा, निकोटीनमुळे हाड जुळायला आणि जखम भरायला दोन्हीला उशीर होतो.

घर आधी लावून घ्या

जमिनीवर गादी घालून झोपायची सवय असेल तर महिना-दोन महिने पलंग किंवा खाट मिळवा. एका पायावर जमिनीवरून उठणं हे या सगळ्या काळातलं सगळ्यांत अवघड काम आहे. बसल्यावर गुडघा काटकोनात येईल इतकी, म्हणजे बहुतेकांना १८ ते २० इंच उंची लागते. पायपुसणी, सतरंज्या, जमिनीवरून गेलेल्या वायरी उचलून टाका. पलंगापासून संडासापर्यंतची वाट स्वतः वॉकर घेऊन, एक पाय उचलून, ऑपरेशनच्या आधीच चालून बघा. मोरीचा उंबरा, फ्रिजचा कोपरा, दाराआडची बादली, सगळं त्याच वेळी सापडतं.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा; तिच्या पायांना रबर आहे ना आणि हातांवर जोर दिल्यावर ती डुलत नाही ना, ते दुकानातच बसून बघा. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर पहिले दोन आठवडे खोलीतच खालून भांडं असलेली कमोड खुर्ची आणि रात्रीसाठी युरिनलचं भांडं ठेवणं शहाणपणाचं. यात संकोच वाटतो हे खरं, पण रात्री झोपेत, औषधांच्या गुंगीत, ओल्या गॅलरीतून एका पायावर जाण्यापेक्षा तो संकोच परवडतो.

व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची विकत घ्यायची गरज बहुधा नसते. मुंबईत पुष्कळ मंडळं आणि ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. आपल्या विभागात आधी विचारा. विकतच घ्यायचं तर प्रिन्सेस स्ट्रीटवर आणि मोठ्या रुग्णालयांच्या आसपास सर्जिकलची दुकानं आहेत. जुन्या कुबड्या आणल्या तर खालची रबरी टोपणं उलटी करून बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर नवी बसवा, एक जोडी जास्तीची ठेवा. ओल्या लादीवर तुम्हाला सावरणारं तेवढंच रबर असतं.

एक साधी वस्तू फार कामाची आहे: लांब पट्ट्याची शबनम पिशवी. कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात, मग पाणी, मोबाइल, गोळ्या सगळं त्या पिशवीतून न्यायचं. चहाही थर्मासमधून; कप हातात घेऊन लंगडी घालायचा मोह टाळा.

कुबड्या, वॉकर आणि त्यांचं माप

साठीच्या पुढे, तोल कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर घरात वॉकरच बरा. कुबड्या घेतल्या तर मापात कसूर नको. पायात रोजची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहा. कुबडीचं टोक पायाच्या बोटांपासून साधारण सहा इंच पुढे आणि सहा इंच बाहेर ठेवा. वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. हात सरळ खाली सोडल्यावर मूठ धरायचा दांडा मनगटाच्या रेषेशी यायला हवा, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतो.

भार तळहातांवर, काखेवर नाही. काखेत लोंबकळत चालणाऱ्यांची तिथली नस दबते, हाताला मुंग्या येतात आणि कधीकधी मनगट वर उचलता येत नाही. काखेची गादी दुखते म्हणून तिच्यावर टॉवेल गुंडाळून आणखी टेकणारे भेटतात. तो उलटा उपाय आहे. गादी बरगडीला चिकटवून दाबून धरायची आणि जोर हातात घ्यायचा.

जिना

लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी हाच खरा प्रश्न असतो. लिफ्ट असली तरी ती बंद पडते, म्हणून जिना सगळ्यांनीच शिकून घ्यावा, तोही रुग्णालयातून निघण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून, प्रत्यक्ष चार पायऱ्यांवर.

नियम एवढाच: चढताना बरा पाय पुढे, उतरताना दुखरा पाय पुढे.

१. एका हाताने कठडा धरा. दुसऱ्या हातात एक कुबडी. उरलेली कुबडी सोबतच्या माणसाकडे द्या.
२. चढताना कठडा आणि कुबडीवर जोर देऊन बरा पाय वरच्या पायरीवर न्या, मग दुखरा पाय आणि कुबडी.
३. उतरताना आधी कुबडी खालच्या पायरीवर, दुखरा पाय पुढे अधांतरी, मग बरा पाय हळू खाली.
४. सोबतचा माणूस कायम तुमच्या खालच्या बाजूला: चढताना मागे, उतरताना पुढे. त्याने दंड धरू नये, कमरेचा पट्टा धरावा. दंड ओढला की तोल जातो.

जमत नसेल तर बसून चढा. पाठ जिन्याकडे करून दुसऱ्या पायरीवर बसायचं, दोन्ही हात मागच्या पायरीवर, बरा पाय खाली रोवून एकेक पायरी वर सरकायचं. दुखरा पाय समोर उचललेला. वेळ लागतो, पण पडायला जागाच नसते. अवघड भाग शेवटचा: वर पोहोचल्यावर जमिनीवरून उठणं. तिथे आधीच एक बुटका पाट आणि एक खुर्ची ठेवा. पायरीवरून पाटावर, पाटावरून खुर्चीवर.

खुर्चीत बसवून न्यायचं असेल तर प्लास्टिकची खुर्ची वापरू नका, तिचा पाय मधेच मुडपतो. भक्कम लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली खुर्ची घ्या. पेशंटला कमरेशी ओढणीने किंवा उपरण्याने खुर्चीला बांधा. चढताना असो वा उतरताना, पेशंटचं तोंड जिन्याच्या खालच्या बाजूला आणि पाठ वरच्या बाजूला. म्हणजे खुर्ची मागे कललेली राहते, पेशंट पुढे घसरत नाही. ताकदीचा माणूस वर पाठीशी, दुसरा खाली पुढच्या पायांशी, आणि तिसरा नुसता दुखऱ्या पायाकडे बघायला. प्रत्येक मजल्यावर थांबा. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना वेळ आधी सांगून ठेवली की माणसं मिळतात, आणि जिन्यातल्या कुंड्या, सायकली, चपलांचे स्टँड त्या दिवसापुरते हलतात.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर लिफ्टविना राहत असाल तर पहिले दोन आठवडे लिफ्ट असलेल्या किंवा तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहायचा विचार करा. ते शक्य नसेल तर खाली उतरणं फक्त ड्रेसिंग आणि टाक्यांपुरतं ठेवा.

पहिले दोन आठवडे: पाय वर

या दिवसांत जखम भरण्याचा बराचसा निकाल लागतो, आणि तुमच्या हातात असलेलं मोठं काम एकच आहे. पाय छातीच्या वर ठेवायचा. आडवं पडल्यावर पायाची बोटं नाकाच्या वर दिसली पाहिजेत. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो वर नसतो, नुसता आडवा असतो. तासातली पन्नास-पंचावन्न मिनिटं पाय वर, बाकीची संडासला जायला आणि जेवायला. सूज राहिली की टाक्यांच्या कडा ताणल्या जातात, रक्तपुरवठा कमी होतो, जखम उकलते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

दोन उशा रात्री हमखास सरकतात. त्यापेक्षा पायाकडच्या बाजूला गादीखाली दोन-तीन गोधड्या घड्या करून घाला, किंवा घरातला लोड गादीखाली सरकवा. आधार पोटरीखाली हवा, टाच मोकळी लोंबती राहिली पाहिजे. टाच तासन्तास उशीवर टेकली तर तिथे वेगळी जखम होते. पाय खाली सोडल्यावर बोटं जांभळट होतात आणि ठणकतात, सुरुवातीला हे होतंच; वर केल्यावर काही मिनिटांत रंग परत यायला हवा.

ऑपरेशनच्या वेळी पाय बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा असर बारा ते चोवीस तासांत उतरतो, बहुधा रात्रीच. दुखायला लागल्यावर गोळी घेतली तर तासभर कळा सोसाव्या लागतात. मुंग्या सुरू झाल्या की डॉक्टरांनी दिलेली गोळी दिलेल्या मात्रेत घ्या आणि पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्या. दुकानातून आणखी एखादी वेदनाशामक गोळी मनाने जोडू नका. या गोळ्यांपैकी काहींनी पोट बांधलं जातं, त्यामुळे भरपूर पाणी, फळं, भाज्या आणि लागलं तर रात्री इसबगोल. जेवणात डाळी, उसळी, अंडी, मासे, दूध नेहमीपेक्षा जास्त असू द्या.

बर्फ लावायचा तर कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, आणि पाय बधिर असताना मुळीच नाही. जाड प्लास्टरच्या आत थंडावा पोहोचत नाही, तेव्हा गुडघ्यामागे लावा.

सकाळ-संध्याकाळ एक तपासणी करा. अंगठ्याचं नख दाबा, पांढरं होईल. सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, दुसऱ्या पायाइतकी ऊब आहे का, हे बघा. ऑपरेशनआधी नेलपॉलिश काढायला सांगतात ते याचसाठीही.

प्लास्टर, घाम आणि आंघोळ

आधी बहुधा कच्चं प्लास्टर असतं, म्हणजे मागून पट्टी आणि वरून बँडेज. सूज उतरल्यावर पक्कं प्लास्टर किंवा बूट. मुंबईच्या दमट हवेत आत खाज येतेच. विणायची सुई, पट्टी, उदबत्तीची काडी आत घालू नका. कातडीला ओरखडा पडतो आणि तो बंद, ओल्या जागेत चिघळतो. पावडरही नको, तिचे आत गोळे होतात. पंख्याचा वारा किंवा हेअर ड्रायरची थंड हवा कडेने सोडा, बाहेरून टिचक्या मारा.

आंघोळ बसूनच. रबरी पायांचं भक्कम स्टूल बसायला, दुसरं पाय ठेवायला, बादली हाताशी. प्लास्टरच्या वरच्या कडेला कोरडा नॅपकिन गुंडाळा, त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी, तिची कड चिकटपट्टीने बंद. मग दुसरी पिशवी. रबरबँड करकचून लावू नका. पाय तरीही बाहेरच्या बाजूला धरायचा, पिशव्या फक्त शिंतोड्यांसाठी आहेत. प्लास्टर आतून भिजलं तर वाळवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. उठण्याआधी लादी कुणाकडून तरी कोरडी करून घ्या. बाथरूममधली पडापड बहुधा आंघोळ संपवून उठताना होते.

बाहेर पडताना: टॅक्सी, रिक्षा, मेट्रो, लोकल

गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचं असेल तर दार नीट निवडा. डावा पाय दुखरा असेल तर डाव्या दारातून, उजवा असेल तर उजव्या दारातून. आधी पाठमोरं होऊन बूड टेकवायचं, मग मागे सरकत समोरच्या दारापर्यंत जायचं. असं केलं की दुखरा पाय सीटच्या पाठीला लागून राहतो आणि ब्रेक लागल्यावर खाली पडत नाही. उजवं दार रहदारीच्या बाजूला उघडतं, म्हणून हा प्रकार इमारतीच्या आवारातच उरका. असं बसल्यावर पट्टा नीट लागत नाही, तेव्हा अंतर थोडं आणि वेग कमी असेल तरच. लांब जायचं तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पट्टा लावून बसणं जास्त सुरक्षित.

व्हीलचेअर सोबत असेल तर गाडी बोलावताना डिकी रिकामी आहे का ते फोनवरच विचारा. मुंबईतल्या सीएनजीच्या टॅक्सींमध्ये डिकीत सिलिंडर असतो आणि घडीची खुर्चीही मावत नाही. काळी-पिवळीला वर कॅरियर असेल तर दोरीने बांधता येते, दोरी आपली न्या.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे शहरात जात नाहीत, हे उपनगरातून परळला किंवा फोर्टला तपासणीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पाय घेऊन मधेच गाडी बदलणं फार त्रासाचं. रिक्षात उजवीकडून दांडा असतो, चढणं डावीकडूनच. पाय आडवा ठेवलात तर तो बाहेर येता कामा नये, पहिल्याच सिग्नलला दुचाकी घासून जाते. खड्ड्यांचे धक्के थेट पायाला लागतात, म्हणून मांडीवर नव्हे, पायाखाली उशी.

मेट्रो त्यातल्या त्यात सोयीची. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, डबा आणि फलाट जवळपास एका पातळीत असतात. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयांकडे जाणाऱ्यांना हा पर्याय आहे. लिफ्ट नेमक्या कोणत्या प्रवेशद्वारापाशी आहे ते घरच्या कुणीतरी आदल्या दिवशी बघून यावं. सरकत्या जिन्यावर कुबड्या घेऊन कधीही चढू नका.

लोकल मात्र पूर्ण वजन टाकून चालायची परवानगी मिळेपर्यंत नको. गाडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास थांबते, फलाट आणि डब्यात फट असते, आणि पूल चढावा लागतो तो वेगळाच. गर्दीत दुखऱ्या पायावर कुणाचं पाऊल पडलं तर दोष देणार कुणाला? दिव्यांग डबा प्रमाणपत्र असलेल्यांचा आहे; नुसतं प्लास्टर आहे म्हणून तिथला हक्क गृहीत धरू नका. पुन्हा सुरुवात कराल तेव्हा दुपारी, गाडी जिथून सुटते त्या स्टेशनापासून.

फुटपाथवर पेव्हर ब्लॉक हलतात आणि त्यांच्या फटीत कुबडीचं टोक रुततं. टोक ठेवून, दाबून, मगच भार द्या. गटाराच्या जाळीवर टोक ठेवू नका.

पावसाळा

ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल तर जून ते सप्टेंबर टाळून तारीख घेता येईल का, ते विचारा. नाही टळलं तर दाराशी जाड फडकं ठेवा आणि आत येताना प्रत्येक वेळी दोन्ही कुबड्यांची टोपणं पुसा. ओलं रबर गुळगुळीत लादीवर साबणासारखं घसरतं. तपासणीच्या दिवशी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र असेल तर सकाळीच फोन करून वेळ बदला. साचलेल्या पाण्यात ताजी जखम किंवा तारा असलेला पाय घालू नका. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि जखमेवाटे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. पाणी लागलंच तर स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. प्रतिबंधक औषध लवकर घ्यावं लागतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पोटरी दुखते, ताठरते, एकाच बाजूला सुजते: शिरेत गुठळी असू शकते, चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८. पाय वर ठेवून आणि गोळी घेऊनही कळा वाढतच जात असतील, बोटं बधिर, गार किंवा निळसर असतील, तर बँडेज किंवा प्लास्टर घट्ट आहे. रात्र असली तरी रुग्णालयात जा. ताप, पू, वास, टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, तार कातडीतून बाहेर येते तिथे स्राव, हेही सकाळवर ढकलू नका. रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

पुढचे महिने

टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांत निघतात, कधी तीन आठवडेही लागतात. तारा असतील तर त्या साधारण चार ते सहा आठवड्यांनी. बूट मिळाला की दुसऱ्या पायात तेवढ्याच जाड तळव्याचा बूट घाला, घरातही. एक पाय इंचभर उंच राहिला की महिनाभरात कंबर धरते.

परवानगी मिळाल्यावर घोट्याचा पहिला व्यायाम सोपा आहे: पाय हवेत धरून अंगठ्याने बाराखडी गिरवा, दिवसातून तीन वेळा. मग जमिनीवर पंचा पसरून तो बोटांनी गोळा करा. नंतर स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, आधी दहा सेकंद. जखम पूर्ण बुजल्यावर व्रणावर खोबरेल तेलाने बोटाने गोल मालीश, म्हणजे कातडी खाली चिकटत नाही. खासगी फिजिओथेरपी परवडत नसेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत विभाग आहेत, आणि हाजीअलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे.

बैठं काम पाय वर ठेवायची सोय असेल तर दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येतं; दिवसभर उभं राहायचं काम असेल त्यांना दोन-तीन महिने धरावे लागतात. उजवा पाय असेल तर ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडी नाही. दुचाकी त्याहून उशिरा, कारण सिग्नलला पाय अचानक टेकवावा लागतो. संध्याकाळची सूज तीन ते सहा महिने येत राहते, कधी वर्षभर. म्हणून नवे बूट संध्याकाळीच घ्यायचे, आणि बोटांत अडकवायची स्लिपर शेवटी. मांडी घालून बसणं डॉक्टरांना विचारून. उकिडवं बसणं सगळ्यांत शेवटी जमतं, कारण त्यासाठी घोटा पूर्ण वाकावा लागतो. तोवर कमोड खुर्ची परत करू नका.